बायपोलर आणि रोजचं काम : तुम्ही कसं जमवता?

बायपोलर म्हणजे मन कधी फार वर, तर कधी फार खाली नेणारा आजार. त्याची लक्षणं सगळीकडे वाचायला मिळतात. पण निदानानंतर नोकरी कशी टिकवायची, साहेबांना किती सांगायचं, लग्नघरात रात्री किती जागायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. आजार स्वतःला असो की घरात कुणाला, जे जमलंय ते तपशिलात लिहा. गोळ्यांचे डोस मात्र लिहू नका, कुणीतरी बघून घेईल. माझ्यापासून सुरुवात करते.

मी शाळेत गणित शिकवते. मन स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू आहे. हात किंचित थरथरतो, म्हणून फळ्यावर अक्षर मोठं काढते आणि भूमितीच्या आकृत्या मुलींकडून काढून घेते. त्यांना ते आवडतं. रक्तातली पातळी तपासायची तर रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यावं लागतं, त्या दिवशी पहिला तास दुसऱ्या बाई घेतात. थायरॉईड आणि किडनीचीही तपासणी अधूनमधून असते. माझ्या मते या आजारात सगळ्यात आधी सांभाळायची ती झोप. सहामाहीचे पेपर कितीही उरोत, दहाला गठ्ठा बांधून ठेवते. झोप कमी होऊनही दमल्यासारखं वाटत नसेल, तर त्याच दिवशी नवऱ्याला सांगते आणि डॉक्टरांना फोन जातो.

आयटी, पुणे

ऑफिसात फक्त टीम लीडला माहीत आहे. अमेरिकेच्या वेळेची रात्रपाळी नको, एवढंच मागितलं, डॉक्टरांचं पत्र जोडून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो, पण तिथवर जायची वेळ आली नाही. डोकं भरधाव सुटलं की मला आधी खरेदी सुचते, मग रात्री दोनला साहेबांना मेल लिहावासा वाटतो. मेल ड्राफ्टमध्ये ठेवतो, सकाळी वाचून मगच पाठवतो. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात दरमहा ठरावीकच रक्कम येते, बाकीचं खातं बायको बघते. हे मी ठणठणीत असताना दोघांनी बसून ठरवलं, म्हणून त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

बँक, नाशिक

मी कुणालाच सांगितलेलं नाही. छोट्या शाखेत अशी गोष्ट लपत नाही, आणि पुढे प्रत्येक रागाचं कारण तेच ठरतं. बदली झाली की घर शोधण्याआधी तिथला मानसोपचारतज्ज्ञ शोधतो, जुन्या डॉक्टरांकडून फाईल घेऊन.

वडिलांबद्दल, सातारा जिल्हा

आमचे दादा लिथियम चालू असताना दरवर्षी आषाढीला पंढरपूरला चालत जातात. घाम किंवा जुलाबाने अंगातलं पाणी-मीठ कमी झालं तर रक्तात लिथियम वाढतं, म्हणून निघण्यापूर्वी तपासणी ठरलेली आणि पाण्याची बाटली कायम खांद्याला. निर्जळी उपवास डॉक्टरांनी बंद केला, दादांनीही मनापासून मान्य केलं. पाय दुखले तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायची नाही, त्यानेही पातळी चढते. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली आहे. मुक्कामाला कीर्तन कितीही रंगो, दादा वेळेवर झोपायला जातात. दिंडीतल्या एका काकांना सगळं ठाऊक आहे : उलट्या, हात जास्त कापणं, तोल जाणं, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काही दिसलं की चालणं थांबवून सरळ दवाखाना.

दोन मुलांची आई, ठाणे

व्हॅल्प्रोएट ही बायपोलरवरची गोळी गर्भाला अपायकारक. त्यामुळे मूल हवं असं ठरल्यावर आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या बदलून घेतल्या. बाळंतपणानंतर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो, मला रात्रीची झोप मिळायलाच हवी होती. रात्रीचं दूध सासूबाई बाटलीने पाजायच्या. बोलणारे बोलले, त्यांना सासूबाईंनीच गप्प केलं.

(मध्येच लिहिते : फार खचल्यासारखं वाटत असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.)

शिवणकाम, कोल्हापूर

मन खाली असतं तेव्हा ब्लाऊज कापायला घेत नाही, कापड वाया जातं. फॉल-पिको करते. तेवढ्याने दुकान उघडं राहतं, चार बायका येऊन बोलतात. वर असते तेव्हा साऱ्या गल्लीच्या ऑर्डरी घ्याव्याशा वाटतात, म्हणून ऑर्डरची वही जावेकडे दिलीय. लग्नसराईत गिऱ्हाईक आलं की मी माप घेते, तारीख तीच देते.