पन्नाशीत नोकरी सोडायची म्हणतोय. हिशेबात काय सुटतंय ते सांगा

तापीकाठ (प्रश्न)

वय ४९. जळगाव एमआयडीसीत एका खासगी कारखान्यात २४ वर्षं झाली. येत्या मार्चला ५० पूर्ण होतील, तेव्हा थांबायचा विचार आहे. घर स्वतःचं, डोक्यावर कर्ज नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, म्युच्युअल फंड, एफडी सगळं धरून १ कोटी ६० लाख होतात. महिन्याचा खर्च ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. जमा रकमेच्या साडेतीन टक्क्यांच्या आतच. यावल तालुक्यात ४ एकर आहे, सध्या निम्म्या बटाईने. मुलगा बारावीला, आई ७४ वर्षांची, घरी सोबतच.

चार टक्क्यांचा नियम (पहिल्या वर्षी जमेच्या चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे) वगैरे वाचून झालंय. 'छंद जोपासा' सोडून दुसरं काही सांगा. लोक सोडायच्या आधी काय विसरतात आणि नंतर कुठे अडकतात?

---

खतावणी

भाऊ, ४५ हजार हा पगारदार माणसाचा खर्च आहे. कंपनी गुपचूप जे भरत होती ते त्यात नाही: ग्रुप मेडिक्लेम, ग्रुप टर्म विमा, कँटीन, बस, दिवाळीचा बोनस. वर्षा-दोन वर्षांनी येणारे खर्चही महिन्याच्या हिशेबात बसत नाहीत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, इन्व्हर्टरची बॅटरी, गाडीचे टायर, दातांचं काम, भाचीच्या लग्नाचा आहेर. मागच्या ३६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, सगळी डेबिट बाजू बेरजेला घ्या आणि ३६ ने भागा. बहुतेकांचा आकडा चौथाई-तिहाईने वर जातो.

चार टक्क्यांचा नियम अमेरिकेतल्या बाजाराच्या आकड्यांवर आणि ३० वर्षांसाठी बेतलेला. तुम्हाला ४० वर्षं काढायची आहेत. महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट. म्हणजे आजचे ४५ हजार ६२ व्या वर्षी ९० हजार आणि ७४ व्या वर्षी १ लाख ८० हजार.

पण खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे सगळ्या सोयी ५८ आणि ६० या दोन आकड्यांना बांधलेल्या आहेत. पन्नाशीत बाहेर पडणारा आठ-दहा वर्षं कुठल्याच रांगेत बसत नाही.

ईपीएस (पीएफसोबतची पेन्शन योजना): पूर्ण पेन्शन ५८ ला. ५० नंतर लवकर सुरू करता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांचे दरवर्षी ४ टक्के कायमचे कापले जातात. ५० ला घेतली तर तीस टक्क्यांच्या आसपास गेले. मुळात रक्कमही किती? सूत्र असं: सेवेची वर्षं × पगार ÷ ७०. सप्टेंबर २०१४ च्या आधीची नोकरी ६,५०० च्या पगार मर्यादेने आणि नंतरची १५,००० च्या मर्यादेने धरतात. पीएफ त्या मर्यादेवरच कापला जात असेल आणि तुमची निम्मी-निम्मी नोकरी धरली, तर १२ × ६,५०० ÷ ७० म्हणजे १,११४ आणि १२ × १५,००० ÷ ७० म्हणजे २,५७१. दोन्ही मिळून महिन्याला ३,७०० च्या घरात. एवढ्यासाठी घाई करू नका. फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट मात्र घेऊन ठेवा. पुढे कुठे नोकरी लागली तर मागची सेवा त्यात जोडली जाते.

पीएफ: लगेच काढायची सक्ती नाही, ५८ पर्यंत व्याज मिळत राहतं. पण नोकरी सुटल्यानंतरच्या काळाचं व्याज करपात्र असतं. ते लोक विवरणपत्रात दाखवत नाहीत आणि मग नोटीस येते.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना: सध्या ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख. वय ६० हवं. स्वेच्छानिवृत्ती किंवा नियत निवृत्ती घेतलेल्यांना ५५ पासून सवलत आहे, तीही निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरले तर. ५० वाल्याला दार बंद. तुमच्या आईच्या नावे मात्र खातं निघतं. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात. आईला दिलेल्या भेटीवर कर नाही आणि व्याज तिच्या उत्पन्नात धरलं जातं. पण दिल्यावर तो पैसा आईचा. भाऊ-बहीण असतील तर मृत्युपत्र करून ठेवा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे बँकेच्या काउंटरवर भांडताना कळून उपयोग नाही. पत्नीच्या नावे ठेवाल तर व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवतील.

पोस्टाची मासिक उत्पन्न योजना: वयाची अट नाही. एकट्याला ९ लाख, जोड खात्याला १५ लाख. मधली वर्षं काढायला बरी.

कराचं एक. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, हे ऐकून लोक निर्धास्त होतात. इक्विटी फंडाच्या नफ्याला ती सवलत लागू नाही. वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्यावर सव्वा लाखाच्या पुढे १२.५ टक्के, त्याआधी विकलं तर २० टक्के. बाकीचं उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर उरलेली मूळ सूट या नफ्याला लावता येते. म्हणून एकदाच मोठी रक्कम काढण्यापेक्षा दरवर्षी थोडी थोडी काढलेली बरी.

आणि पहिली तीन-चार वर्षं सांभाळा. बाजार नेमका तेव्हा पडला आणि तुम्ही घरखर्चासाठी पडलेल्या भावात युनिट विकत राहिलात, तर नंतर बाजार वर आला तरी विकलेले युनिट परत येत नाहीत. तीन वर्षांचा खर्च, म्हणजे १८-२० लाख, एफडी आणि लिक्विड फंडात वेगळा काढा आणि मगच राजीनामा लिहा.

---

कॅशलेस

वरच्यात विम्याचं राहिलं. ग्रुप मेडिक्लेम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, काही ठिकाणी पॉलिसी वर्ष संपेपर्यंत चालतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतो आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळात धरली जातात. पण अर्ज कव्हर संपायच्या आधी जायला हवा. राजीनाम्याच्या दोन-तीन महिने आधी हालचाल करा. एकदा खंड पडला की नवी पॉलिसी, नव्या तपासण्या, आणि बीपी-शुगरला तीन वर्षांपर्यंत थांबा.

घेताना ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर ५ लाख डिडक्टिबलचा (पहिले ५ लाख सोडून पुढचं बिल भरणारा) २० लाखांचा सुपर टॉप-अप. सरळ २५ लाखांच्या पॉलिसीपेक्षा हे सहसा स्वस्त पडतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढीच बचत.

खान्देशातल्या माणसाने एक कलम भिंग लावून वाचावं: झोन. जळगाव-धुळ्याच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण काही पॉलिसींत मुंबईसारख्या वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा, बहुधा २० टक्के, आपल्याला भरावा लागतो. आणि मोठं काही निघालं की आपली गाडी नाशिक, संभाजीनगर नाहीतर मुंबईलाच वळते. ६ लाखांच्या बिलात १ लाख २० हजार खिशातून. झोनची अट नसलेली पॉलिसी घ्या, किंवा थोडा जास्त हप्ता भरून ती अट काढून टाका.

आईसाठी नवी पॉलिसी शोधत बसू नका. ७४ ला हप्ता डोळे पांढरे करतो आणि सहहिस्सा (बिलातला आपला वाटा) लावतात तो वेगळा. ७० च्या वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ५ लाखांपर्यंत, आधारवर. मात्र योजनेतल्या रुग्णालयांची यादी आधी बघा, जवळचं त्यात नसेल तर ऐन वेळी धावपळ होते.

टर्म विमाही पगार चालू असतानाच घ्या. कंपन्या सॅलरी स्लिप किंवा विवरणपत्र मागतात आणि कव्हर उत्पन्नाच्या पटीत ठरवतात. नोकरी सुटल्यावर नुसतं व्याजाचं उत्पन्न दाखवून हवं तेवढं कव्हर मिळत नाही.

---

पिलबाग

४ एकर हा तुमच्या हिशेबातला सगळ्यात धोक्याचा आकडा आहे भो. 'निवृत्त झालो की बटाई मोडतो आणि केळी लावतो' असं मनात असेल तर आधी हे वाचा.

५ × ५ फुटांवर एकरी १,७४२ रोपं बसतात. मर, वादळ, हरण्या (विषाणूचा रोग) धरून १,५०० घड हाती लागले आणि सरासरी २० किलो भरले तर ३०० क्विंटल. भाव क्विंटलला ६०० असला तर १ लाख ८० हजार आणि २,००० असला तर ६ लाख. एकाच वर्षात एवढा फरक पडतो, आणि कापणीच्या आठवड्यात कुठला भाव लागेल हे आपल्या हातात नाही. एकरी खर्च लाख-सव्वा लाख धराच. टिश्यूकल्चरची रोपं, ठिबक, विद्राव्य खतं, घडाला स्कर्टिंग बॅग, मजुरी. हे सगळं आधी जातं आणि पैसा ११-१२ महिन्यांनी येतो. व्यापाऱ्याने कापणी आठ दिवस पुढे ढकलली की माल वापसीत, म्हणजे हलक्या प्रतीत, जातो.

बिघडतं कुठे ते सांगतो. जून-जुलैच्या लागवडीत ढगाळ हवा आणि मावा कीड एकत्र आले की कोवळ्या रोपांवर हरण्या येतो. त्याला औषध नाही, झाड उपटून लांब नेऊन जाळायचं किंवा गाडायचं. बांधावर काकडी, भोपळा, भेंडी, मिरची लावली तर आपणच त्याला आमंत्रण देतो. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली गेला की वाढ थांबते आणि निसवण (घड बाहेर पडणं) लांबते. मे महिन्यात ४४-४५ अंशांत पश्चिमेचा वारा पानं फाडतो, घड सटकतात. पश्चिमेला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ, नाहीतर हिरवी नेट हवीच. हवामानावर आधारित फळपीक विम्याची मुदत ३१ ऑक्टोबरला संपते. ई-पीक पाहणीत सातबाऱ्यावर केळी लागलेली नसेल तर दावा अडकतो.

शिवाय पाणी. यावल-रावेर पट्ट्यात भूजल खाली गेलंय हे सगळ्यांना माहीत आहे. ट्यूबवेलचं पाणी उतरलं की पाइप वाढवा, मोटर मोठी करा, जळाली तर काढायला माणसं आणि क्रेन. हा खर्च नेमका उन्हाळ्यात येतो, जेव्हा बाग पाण्यावाचून दोन दिवसही थांबत नाही. थ्री-फेज वीज पाळीत रात्रीची आली की रात्रीच उठायचं. ऑटो-स्टार्टर मोटर चालू करतो, ठिबकची फुटलेली नळी जोडत नाही.

माझं मत: पहिली दोन वर्षं बटाई तशीच ठेवा. फक्त रोज सकाळी शेतात जा, वही ठेवा. मग एक एकर स्वतः करा. सालदार (वर्षभराचा गडी) आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो, त्यामुळे मार्चमध्ये नोकरी सोडून जूनमध्ये माणूस शोधायला निघालात तर चांगला मिळणार नाही. आणि शेतीचं खातं वेगळ्या बँकेत. एफडीच्या पैशातून ट्यूबवेल खोदायची नाही, काही झालं तरी नाही.

---

आखाजी

सगळ्यांनी बाहेरचं सांगितलं. भाऊ, वहिनींना विचारलंत का? हे विनोदाने नाही विचारत. आज सकाळी आठला डबा गेला की स्वयंपाकघर मोकळं होतं. तुम्ही घरी असाल तर दहाचा चहा, एकची गरम पोळी, चारचा चहा. सिलिंडर आठवडाभर आधी संपेल. 'निवृत्त' एकाने व्हायचं आणि ड्युटी दुसरीची वाढायची, असं होऊ नये म्हणून दुपारचं जेवण आणि आईची औषधं तुमच्याकडे, हे पहिल्या दिवसापासून ठरवा.

दुपारचं घर महाग असतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला अकरा ते पाच बाहेर पडता येत नाही. २०० वॉटचा कुलर रोज १० तास जादा चालला तर महिन्याला ६० युनिट. दीड टनाचा एसी दुपारी ६ तास धरला तर २०० च्या वर. फक्त युनिट वाढत नाहीत, ३०० ओलांडले की पुढच्या युनिटचा दरही वाढतो. कुलर पाणी पितो ते वेगळं, आणि नळ रोज येत नसेल तर टाकी मोठी लागते.

लग्नसराई. आता 'सुट्टी नाही' हे कारण संपलं. हळद, लग्न, साखरपुडा, दशक्रिया, गंधमुक्ती, सगळीकडे घरातला एक माणूस म्हणजे तुम्हीच. थंडीत भरीत पार्टी ठरली की वांगी आणण्यापासून ती भाजायच्या काड्यांपर्यंत सगळं 'तुम्ही मोकळेच आहात ना' म्हणून तुमच्याकडे. हे गोडही असतं, पण पेट्रोल आणि आहेर धरून महिन्याला ३-४ हजार लिहून ठेवा.

आणि रकमेचा आकडा कोणालाही सांगू नका, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही. कंपनीतून एकरकमी पैसे मिळाले हे गावात कळलं की सहा महिन्यांत हातउसने मागायला तीन जण तरी येतात. 'पाच वर्षांच्या ठेवीत अडकवले' एवढं एकच उत्तर ठेवा आणि दोघांनीही तेच द्या.

---

तापीकाठ

झोनचं आणि २०१४ च्या आधीच्या पेन्शनचं माहीतच नव्हतं. वही काढलीय. मुलाच्या इंजिनिअरिंगला शैक्षणिक कर्ज लागलं तर अडेल का? आणि मार्चअखेरच सोडावं की थांबावं?

---

खतावणी

कर्जाला पालक सह-कर्जदार असतो आणि बँक त्याचं चालू उत्पन्न बघते. प्रवेश पुढच्या जून-जुलैत असेल तर मंजुरी होईपर्यंत पगार चालू राहिलेला बरा. दुसरी बाजू अशी की कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आलं तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काचा अर्धा भार हलका होतो. पण दाखला मागच्या वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो, त्यामुळे पहिल्या वर्षी तो पगारच दिसेल.

मार्चअखेर नकोच. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत करमुक्त आहेत, पण बोनस आणि इतर एकरकमी रक्कम पूर्ण वर्षाच्या पगारावर चढून कराच्या वरच्या टप्प्यात जाते. एप्रिलमध्ये बाहेर पडलात तर तीच रक्कम जवळजवळ रिकाम्या वर्षात पडेल. पगार खातंही बघा. सलग तीन महिने पगार आला नाही की बऱ्याच बँका ते साधं बचत खातं करतात, मग किमान शिल्लक लागते आणि खात्यासोबतचा अपघात विमा जातो.

---

कॅशलेस

एप्रिल नक्की करायच्या आधी ग्रुप पॉलिसीचं वर्ष कधी संपतं ते बघा. सगळं त्या तारखेवर बसवा.

---

तापीकाठ

एचआरला विचारलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या शॉपला कळेल.

---

कॅशलेस

विचारू नका. मेडिक्लेमच्या ई-कार्डावर मुदत लिहिलेली असते.