मदत हवी आहे : चुई खोऱ्यातील रेशीम मार्गाची स्थळे

रेशीम मार्गावरील ज्या ३३ स्थळांना २०१४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांपैकी किर्गिझस्तानातील सुयाब, नवेकत आणि बालासागून ही तिन्ही प्राचीन नगरे आईला घेऊन पाहण्याचा माझा विचार आहे. सुयाबची ओढ विशेष आहे, कारण पुढे महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएन त्संग ६३०च्या सुमारास तिथेच तुर्क लोकांच्या खागानाला (सम्राटाला) भेटला होता. मात्र आता तिथे बहुतांशी मातीचे उंचवटेच उरले असल्याने, जागेवर नीट समजावून सांगणारा इंग्रजी जाणणारा मार्गदर्शक मिळतो का? बालासागूनच्या बुराना मनोऱ्यातील अरुंद, काळोखा जिना गुडघेदुखी असलेल्या आईला झेपेल, की तिने खाली, हातात पेला धरलेल्या दगडी पुतळ्यांपाशीच थांबावे? बिश्केकहून एका दिवसात तिन्ही ठिकाणे निवांत पाहून होतात का, हेही जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.