पुरुषांच्या सामन्याला बाई कॉमेंटेटर आली की आमच्यातला एक जण टीव्हीचा आवाज बंद करतो

कॉर्नरकिक

आम्ही काही मित्रमैत्रिणी वर्षानुवर्षं एकत्र फुटबॉलचे सामने बघतो. हल्ली मोठ्या स्पर्धांत अधूनमधून बाईची कॉमेंट्री असते. ती सुरू झाली की आमच्यातला एक जण रिमोट उचलतो आणि आवाजच बंद करतो. वाद घातला की त्याची दोन वाक्यं ठरलेली. "गोल झाला की आवाज चिरकतो" हे एक, आणि "पुरुषांचा खेळ जी खेळलीच नाही ती काय सांगणार" हे दुसरं.

दुसऱ्यावर मी भांडू शकतो. पहिल्यावर गप्प बसावं लागतं, कारण आवाजातलं मला काही कळत नाही. मला स्वतःला काही खुपत नाही, पण तो मुद्दाम नाटक करतोय असंही वाटत नाही. प्रसारणात काम केलेलं कोणी असेल तर सांगा, यात तांत्रिक तथ्य किती? आणि आवाजाचं सोडलं तर कॉमेंट्री चांगली की वाईट हे ठरवायचं कशावरून?

जुना प्रेक्षक

सवयीचा भाग फार मोठा आहे. बीबीसीच्या 'मॅच ऑफ द डे' या फुटबॉलच्या कार्यक्रमावर पहिल्यांदा बाईचा आवाज आला तो २१ एप्रिल २००७ ला, फुलहॅम विरुद्ध ब्लॅकबर्न. जॅकी ओटली. सामना व्हायच्या आधीच इंग्लंडमध्ये गहजब झाला. डेव्ह बॅसेट या माजी मॅनेजरनी जाहीर सांगून टाकलं की त्यांचा याला पूर्ण विरोध आहे. त्या कार्यक्रमावर तिचा एक शब्दही कोणी ऐकलेला नव्हता तेव्हा!

आणि ही बाई काही कुठून तरी उचलून आणून बसवलेली नव्हती. गुडघ्याची वाटी सरकली आणि तिचं खेळणं सुटलं. मग चांगली नोकरी सोडून हॉस्पिटल रेडिओपासून सुरुवात, लहानसहान क्लबांचे सामने, स्थानिक रेडिओ, असं करत ती तिथवर पोचली होती. बहुतेक पुरुष कॉमेंटेटर याच वाटेने येतात.

फेडर

मी थेट प्रक्षेपणात साउंडवर काम करते, त्यात फुटबॉल भरपूर. तुमच्या मित्राला त्रास होतो हे मी मान्य करते. पण त्याचं खापर कॉमेंटेटरच्या गळ्यावर फुटतं ते मला पटत नाही. बरंचसं आमच्या मिक्सरवर बिघडतं.

साध्या बोलण्यात पुरुषाची मूळ पट्टी साधारण १२० हर्ट्झच्या आसपास असते, बाईची २०० च्या आसपास. जाडा, भरलेला आवाज प्रेक्षकांच्या गोंगाटात बुडतो. म्हणून आम्ही इक्वलायझरवर (आवाजातला हवा तो पट्टा कमीजास्त करायची सोय) तीन हजार हर्ट्झच्या आजूबाजूला त्याला उचलतो, त्याने शब्द सुटे आणि स्वच्छ ऐकू येतात. आता नेमका दोन ते पाच हजार हर्ट्झ हाच पट्टा माणसाच्या कानाला सगळ्यात जास्त लागतो. आदल्या सामन्याला पुरुषासाठी केलेलं सेटिंग कोणी तसंच ठेवलं आणि त्यावर बाई बोलायला बसली, तर तिच्या आवाजात मुळात असलेली धार आणखी वाढते. त्यात कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाचे चढउतार आवरणारं यंत्र, शांत बोलण्यावर बेतून लावलेला. मग गोल झाल्यावर टोचणारच.

सामन्याआधी लेव्हल घेताना बहुतेक ठिकाणी 'वन टू थ्री' म्हणायला सांगतात. मी सांगते, शेवटच्या मिनिटाला गोल झालाय असं समजून ओरडा. सगळे लाजतात, मग ओरडतात. पुरुषांनाही मी हेच करायला लावते, कारण गोलच्या क्षणी त्यांचीही पट्टी सहज दुप्पट चढते. फरक एवढाच की त्यांचा चढलेला आवाज आपण जोश म्हणून ऐकतो.

लिप माइकचंही सांगते. कॉमेंटेटर तोंडाशी एक दांडीवाला ठोकळा धरून बोलतात, बघितला असेल. मूळ रचना बीबीसीची आहे. त्याची वरची कडा वरच्या ओठाला टेकवायची, म्हणजे तोंड आणि माइक यांतलं अंतर बदलत नाही आणि लांबून येणारा गोंगाट बराचसा कापला जातो. उत्साहाच्या भरात तो ओठापासून जरा जरी सुटला तरी आवाजातला खालचा भाग उडतो आणि उरतो तो पातळ, कोरडा आवाज. नव्या माणसाला हे कोणी शिकवतच नाही, आणि ज्याचा आवाज मुळात उंच आहे त्याचं नुकसान जास्त होतं.

एका सामन्याला एक नवीन मुलगी होती. तिची तयारी बघून मी थक्क झाले. पुठ्ठ्यावर दोन्ही संघांची मांडणी, प्रत्येक नावाखाली उच्चार फोडून लिहिलेला, बदली खेळाडूंना वेगळी शाई, एकसारख्या अंगकाठीच्या दोघांपुढे बुटांचे रंग. आणि हेडफोनमधून तिला सारखं काय सांगितलं जात होतं? आवाज खाली ठेव, अजून खाली ठेव. पूर्वार्धभर तिने तो दाबून खाली नेला. उत्तरार्धात घसा बसला, आणि ज्या हल्ल्यात गोल झाला त्यात ती नेमकी बिचकली. मी टॉकबॅकवर (तिच्या हेडफोनशी बोलायची आमची आतली लाइन) तिला म्हटलं, तुझ्या पट्टीत बोल, बाकीचं मी बघते. पुढचा सगळा सामना तिने सुंदर सांगितला. त्या सूचना देणाऱ्यांचा मला अजून राग येतो. इतकी तयारी करून आलेल्या मुलीला ती ऐकूच येऊ नये अशी व्यवस्था त्यांनी केली, आणि नंतर बोल तिलाच लागला.

मिडफिल्डर

फेडरताई, फार छान समजावलंत. लिप माइकचं तर माहीतच नव्हतं.

थोडी भर. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये मॉस्कोच्या लुझ्निकीवर पोर्तुगाल-मोरोक्को सामना होता, २० जूनला. व्हिकी स्पार्क्स कॉमेंट्रीला. ब्रिटिश टीव्हीवर वर्ल्ड कपचा सामना थेट सांगणारी ती पहिली बाई. चौथ्याच मिनिटाला रोनाल्डोचं हेडर, गोल. नंतर एक माजी खेळाडू टीव्हीवर म्हणाला की नव्वद मिनिटं उंच पट्टीतला आवाज ऐकवत नाही. पुढे त्याने माफी मागितली.

जर्मनीत क्लाउडिया नॉयमानला तर याहून वाईट वागणूक मिळाली. २०१६ च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, तिने वेल्स-स्लोव्हाकिया सांगितला. २०१८ ला तिच्याबद्दल इतकं घाणेरडं लिहिलं गेलं की झेडडीएफ वाहिनीने पोलिसी तक्रारी केल्या. साउंड सेटिंग सुधारून हे जाणार नाही.

स्वीपर

माझा आक्षेप आवाजाला नाही. पण खेळलेल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही, आणि पुरुषांच्या सामन्याचा वेग वेगळा असतो हे नाकारू नका. निव्वळ बाई आहे म्हणून कोणाला बसवलं तर तोटा प्रेक्षकाचा आणि तिचाही.

जुना प्रेक्षक

स्वीपर, मुद्दा रास्त आहे, पण दोन कामं वेगळी करा. एक जण सामना सांगतो, शेजारचा तो उलगडतो. सांगणारा व्यावसायिक खेळाडू असावा लागतच नाही. जॉन मॉट्सन बीबीसीवर १९६८ ते २०१८ होते, मूळचे वार्ताहर. ते कुठे खेळले होते, असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

उलगडणाऱ्याकडे मात्र आतली नजर हवी, हे कबूल. २०२१ मध्ये झालेल्या युरोत आयटीव्हीवर एमा हेज होती, तेव्हा चेल्सीच्या महिला संघाची मॅनेजर. बचावफळी कुठे फाटतेय हे गोल व्हायच्या आधी सांगायची. पुढे २०२४ ला तिने अमेरिकेच्या महिला संघाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. जागा कशी उघडते आणि कशी बंद होते हे ओळखायला दोन्ही खेळांत तीच नजर लागते.

आणि घाई करू नका एवढंच. २०११ मध्ये वुल्व्ह्ज-लिव्हरपूल सामन्यात सियान मॅसी लाइनवर सहायक पंच होती. स्कायचे दोन बडे लोक माइक बंद आहे असं समजून म्हणत होते की बाईला ऑफसाइड कळत नाही. त्याच सामन्यात एका गोलच्या वेळी तिने झेंडा खाली ठेवला, म्हणजे ऑफसाइड दिला नाही, आणि रिप्लेत तिचाच निर्णय बरोबर निघाला. त्या दोघांपैकी एकाला काढलं, दुसऱ्याने राजीनामा दिला.

स्वीपर

सांगणारा आणि उलगडणारा वेगळा, हे पटलं. हेज मी ऐकलीय, ती उत्तम होती यात वाद नाही.

कॉर्नरकिक

सगळ्यांचे मनापासून आभार. फेडरताई, आमच्या बाजूने काही करता येतं का? आणि कशावरून ठरवायचं, हे राहिलं.

फेडर

आधी टीव्हीचा साउंड मोड बघा. 'स्पोर्ट्स' किंवा 'क्लिअर व्हॉइस' असलं काही लावलं असेल तर काढून 'स्टँडर्ड' करा. आवाज पुढे आणणारे हे मोड बरेचदा तोच टोचणारा पट्टा उचलतात, म्हणजे आम्ही उचललेला तुम्ही पुन्हा उचलता. टीव्हीच्या बारक्या स्पीकरमध्ये खालचा आवाज जवळजवळ नसतोच, त्यामुळे बाहेरचा स्पीकर जोडला तर बराच फरक पडतो.

ठरवायचं असं. मित्राला दहा मिनिटं पडद्याकडे पाठ करून बसवा, आधी पुरुष कॉमेंटेटर, मग बाई. चेंडू कोणाकडे आहे, कुठल्या बाजूला आहे, स्कोअर काय आणि किती मिनिटं झाली, हे मध्येच विचारा. तो सांगू शकला तर कॉमेंट्री चांगली. आणखी एक ऐकायला सांगा : पास पोचायच्या आधी घेणाऱ्याचं नाव आलं का, की पोचल्यावर? आधी नाव घेणारा खेळ वाचत असतो. आणि मैदान गर्जत असताना गप्प बसता येतं का तेही बघा, ते भल्याभल्यांना जमत नाही. मोड बदलायचा तो मात्र या सगळ्याच्या आधी.