एचआयव्ही असलेली तरुण पोरं फक्त १ डिसेंबरच्या (जागतिक एड्स दिन) भाषणापुरतीच का?

आडवाटेची_ताई:
नमस्कार मंडळी. सोशल वर्कच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फील्डवर्क एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते). जन्मापासून एचआयव्ही असलेली १६-१७ वर्षांची पोरं आजीसोबत येतात, काउन्सेलर आजीशीच बोलते, पोरगं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं. आणि गोळ्या चुकतात त्या नेमक्या याच वयात. आफ्रिकेत म्हणे अशी पोरंच काम चालवतात, ते कसं? कुणी जवळून पाहिलंय का?

हरारे_रिटर्न:
मी तीन वर्षं झिम्बाब्वेत होतो (अकाउंट्समध्ये, डॉक्टर नाही हां). तिथे एचआयव्ही असलेल्या पोरांसाठी झ्वान्दिरी नावाचा कार्यक्रम आहे, तिथल्या शोना भाषेत अर्थ 'मी आहे तशी'. २००४ ला हरारेत साधा सपोर्ट ग्रुप म्हणून सुरू झालं. आता १८ ते २४ वयाची, स्वतः एचआयव्ही असलेली मुलंमुली क्लिनिकला जोडलेली असतात, त्यांना कॅट्स म्हणतात. ट्रेनिंग मिळतं, थोडं मानधन मिळतं, आणि पोरांच्या घरी जायचं, मेसेज करायचे, ग्रुप घ्यायचा. आमच्या ड्रायव्हरची पुतणी त्यात होती, ती म्हणायची नर्स विचारते गोळ्या घेतल्यास का, मी विचारते लपवतोस कुठे. तिथेच सगळं आलं बघा. आणि हे नुसतं कौतुक नाही, १६ क्लिनिकमध्ये ट्रायल झाली, दोनेक वर्षांनी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण, गोळ्या चुकल्या की वाढतं) हजाराच्या वर असलेले किंवा दगावलेले नेहमीच्या पद्धतीत ३६ टक्के, कॅट्स होते तिथे २५.

स्पष्टच_बोलतो:
छान आहे पण पैसा बाहेरचा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत गोठवली तेव्हा कळलं ना सगळ्यांना, पोरांचं मानधन प्रोजेक्टवर असलं की काय होतं ते.

बाटली_वाजते:
मी २३, जन्मापासून. लपवण्यावरून सांगते. हॉस्टेलला गोळ्यांची बाटली बॅगेत खुळखुळ वाजायची म्हणून मी आत कापूस कोंबायचे, रूममेट्सना सांगितलेलं रक्त कमी आहे. हे मला कुठल्याच काउन्सेलरने कधी विचारलं नाही, दुसऱ्या पॉझिटिव्ह मुलीने पहिल्या भेटीत विचारलं. भाषणं मीही केलीत, शाल-श्रीफळ घेऊन घरी. मिटिंगमध्ये खुर्ची मात्र नाही.
बाय द वे आपल्या २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात एचआयव्हीची झळ बसलेल्या घरातलं १२ ते १८ वयाचं समजूतदार पोरगं लहान भावंडाचं पालक म्हणून सही करू शकतं, म्हणजे घर चालवायला मोठं समजतात. पण स्वतःची टेस्ट करायची तर १८ च्या आत पालकांची संमती पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत १२ ला स्वतःची संमती चालते.

आडवाटेची_ताई:
बाटली_वाजते, कापसाचं वाचून गप्पच झाले. पैशाचा मुद्दा पटतो, पण पोराला आजीशिवाय पाच मिनिटं बसवायला कुठला फंड लागतो? सोमवारी मॅडमना विचारते, नाही म्हणाल्या तर परत येते रडायला इथेच.

बाटली_वाजते:
विचार. आणि आजीला चहाला ने, नाहीतर ती दारातच उभी राहील.