रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस : आजारपण आणि देवावरचा भरवसा

परवा मिस्टरांचा पेट स्कॅन झाला, अंगात कॅन्सर उरलाय का ते बघायचा. रिपोर्ट सोमवारी मिळेल म्हणालेत. हॉजकिन्स लिम्फोमा आहे, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. डिसेंबरात पहिली केमो झाली, मग पंधरा-पंधरा दिवसांनी एक, अशा बारा. सगळ्या पार पडल्या. आता फक्त वाट बघायची आहे, आणि खरं सांगते, केमोपेक्षा हे जड जातंय. केमोच्या दिवशी निदान हाताला काम असायचं.

या सात महिन्यांत 'देवावर भरवसा ठेव' हे इतक्या जणांनी सांगितलं, की भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं हेच मला कळेनासं झालं. नवस बोलायचा? काळजी करायची नाही? काळजी तर होतेच.

संक्रांतीला यांच्या पेशी कमी झाल्या होत्या, गर्दीत न्यायला डॉक्टरांची मनाई. आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा, त्यांच्या लग्नाचा अक्षता सोहळा, आणि हे घरात मास्क लावून बसलेले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी एकटी गेले. सम्मती कट्ट्यापाशी सात नंदीध्वज उभे, सगळीकडं पांढऱ्या बाराबंद्या. मुठीत अक्षता होत्या. टाकायची वेळ आली आणि मागणं काही आठवेना. मूठ उघडली, बस्स. नंतर तळ्याच्या कडेला बसले, तेव्हा सासूबाई नेहमी सांगतात ते आठवलं : हे तळं सिद्धरामेश्वरांनी भक्तांना बरोबर घेऊन खोदलं. बाराव्या शतकात. म्हणजे ज्याच्यापुढं मी हात जोडते त्यानंच आधी कुदळ धरली होती. घरी येऊन यांच्या गोळ्यांचा डबा भरला. त्या दिवसापासून डबा भरणं हीच माझी पूजा झाली आहे.

तर लिहा. ज्यांचं माणूस बरं झालं त्यांनी लिहा, ज्यांचं नाही झालं त्यांनी तर नक्की लिहा, मला त्यांचं ऐकायचंय. एकच विनंती, औषधं सोडून बरं झाल्याचे दाखले कृपया नकोत.

माढा तालुका, वय 67, निवृत्त शिक्षक

ताई, मी डायलिसिसवर आहे, पाचवं वर्ष. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटेची एसटी धरून सोलापूर, चार तास मशीन, संध्याकाळी घर. डाव्या हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे मशीनला जोडायला दोन रक्तवाहिन्या एकत्र शिवल्यात. सकाळी डोळे उघडायच्या आत उजव्या हाताची बोटं तिथं ठेवतो. कातडीखाली बारीक थरथर लागते. वीणा वाजत असताना भोपळ्याला हात लावला तर लागते ना, अगदी तशी. ती थरथर आहे म्हणजे रक्त वाहतंय, आजचा दिवस चालू आहे. मग विठ्ठल म्हणतो आणि उठतो.

माझी खरी परीक्षा एकादशीनं घेतली. चाळीस वर्षांत एक मोडली नव्हती. आहाराच्या बाईंनी कागद दिला त्यात बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळं, सगळ्यावर काट. उपवासाचं ताट समोर ठेवून एकेक जिन्नस उचलून घ्यावा तसं झालं. पोटॅशियम साठलं तर हृदय बंद पडू शकतं, हे त्यांनी तीनदा समजावलं. मी ऐकलं नाही. देवाच्या उपवासानं देव मारेल का, असं म्हणालो. त्या आषाढीला भगर, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस पोटभर खाल्ला. दुसऱ्या दिवशी पायातलं बळच गेलं, उंबरा ओलांडता येईना. दवाखान्यात ईसीजी काढला आणि तसंच मशीनवर घेतलं.

घरचं माणूस त्यावर एक शब्द बोललं नाही. पुढच्या एकादशीला तिनं माझ्यापुढं ज्वारीची भाकरी ठेवली आणि म्हणाली, "तुमची एकादशी मी धरते. तुम्ही जेवा." तेव्हापासून ती महिन्याला चार उपवास करते, दोन तिचे, दोन माझे. त्या दिवशीची भाकरी घशाखाली उतरायला लई वेळ लागला.

आषाढी तोंडावर आली आहे. पालख्या जिल्ह्यात येतील आणि मला दिवसाला पाऊण लिटर पाण्याचं माप, त्यात चहा आणि तीर्थसुद्धा मोजायचं. चालत जाणं सोडाच. पण आमच्याच तालुक्यातल्या अरणचे सावता महाराज कधी पंढरीला गेले नाहीत असं सांगतात. मळा राखला. आणि आजही आषाढात पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. पाय चालेनात तेव्हा देव चालतो, एवढं मला पुरतं.

सोलापूरचा पूर्व भाग, यंत्रमाग कामगाराचा मुलगा

आमच्या नायनांना, म्हणजे वडिलांना, टीबी झाला होता. सहा महिन्यांचं औषध. दोन महिन्यांत ताप गेला, वजन वाढलं, आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. आम्ही पद्मशाली, मार्कंडेयाच्या कुळातले. "यम ज्याला नेऊ शकला नाही त्याची लेकरं आपण," असं घरात सगळ्यांना म्हणायचे. तीन महिन्यांनी थुंकीत रक्त आलं.

आईनं भांडण केलं नाही. दवाखान्यातून आणलेलं गोळ्यांचं पाकीट तिनं देव्हाऱ्यात मार्कंडेयाच्या फोटोपुढं ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि रोज सकाळी प्रसादासारखी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायला लागली. प्रसाद नाही कसं म्हणणार! या खेपेला कोर्स पुरा झाला. थुंकी निगेटिव्ह आली. फुफ्फुसाला मात्र व्रण राहिले, पूर्ण पाळी मागावर उभं राहता येत नाही. नारळी पौर्णिमेच्या रथयात्रेत पूर्वी ते दोर ओढायला असायचे, आता कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसतात. रथ समोर आला की उभे राहतात.

सोलापूर, विडी कामगाराची मुलगी

अम्मीच्या छातीत गाठ होती. आठ महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. लाज, आणि दुसरं म्हणजे हजेरी बुडेल ही भीती. विचारलं तर "अल्ला मालिक है" म्हणायची आणि मान खाली घालून पानं कातरत बसायची. मला त्या तीन शब्दांचा रागच यायला लागला होता. शेवटी मामूंनी तिला उंटाची गोष्ट सांगितली. एकानं पैगंबरसाहेबांना विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लावर भरवसा ठेवू का? ते म्हणाले, आधी बांध, मग भरवसा ठेव. अम्मी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "चल, बांधून येऊ."

बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये गेलो. ऑपरेशन, केमो, शेक म्हणजे रेडिएशन, सगळं झालं. हे चौथं वर्ष. दर तपासणीच्या आदल्या रात्री ती झोपत नाही, तस्बीह, म्हणजे जपमाळ, घेऊन बसते. भरवसा आहे म्हणून भीती गेली असं काही झालेलं नाही, ताई. दोन्ही एकाच चटईवर बसतात.

आयसीयूतली सिस्टर

अनुभव माझा नाही, माझ्या पेशंटांचा. रात्रपाळीला लोक गुपचूप हातात काहीबाही देतात. अक्कलकोटचा अंगारा, तुळजापूरचं कुंकू, दर्ग्यातला ताईत, चर्चमधून आणलेलं तेल. सलाईनच्या हाताला काही बांधता येत नाही, म्हणून मी ते छोट्या पिशवीत घालते, पेशंटचं नाव लिहिते आणि उशाकडच्या दांडीला चिकटपट्टीनं लावते. चादर बदलताना पिशवी हरवू नये म्हणून पाळी देताना पुढच्या सिस्टरला तेही सांगते. मी स्वतः चर्चला जाणारी आहे. पिशवी लावताना माझ्या देवाला त्या पेशंटचं नाव सांगते, ते नातेवाइकांना माहीत नसतं.

मंगळवेढ्याची सून, सध्या जुळे सोलापूर

तुम्ही ज्यांना बोलावलंत त्यांच्यातली मी. एप्रिल 2021. ऑक्सिजन बेडसाठी रात्रभर फोन केले, चौथ्या ठिकाणी मिळाला. अकरा दिवसांनी हे गेले. वय 38. त्या अकरा दिवसांत मी काय नाही केलं! देवळं बंद होती, तर गाडीवरून जाऊन कुलूप लावलेल्या दाराला हात लावून आले. मैत्रिणीच्या नवऱ्यालाही तेच औषध दिलं होतं, तो घरी आला. लोक तिला म्हणाले, तुझी श्रद्धा फळाला आली. मी शेजारीच उभी होते. मग माझी कुठं कमी पडली? हे वाक्य कृपा करून कुणाला म्हणत जाऊ नका.

दोन वर्षं दिवा लावला नाही. सासरे रागावले नाहीत, रोज स्वतः लावायचे. एकदा ते मला चोखोबांच्या समाधीला घेऊन गेले. लहानपणापासून ऐकलेलीच गोष्ट. मंगळवेढ्यात भिंतीच्या कामावर होते, भिंत कोसळली, त्याखाली चोखोबा गेले. नामदेवराय अस्थी शोधायला आले, तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली, असं सांगतात. सासरे म्हणाले, "विठ्ठलानं भिंत धरली न्हाई बग. एवढा लाडका भक्त, तरी धरली न्हाई." पुढं काही बोललेच नाहीत. ज्यांचा एकुलता एक मुलगा गेला त्यांनी मला उत्तर दिलं नाही, याचाच मला आधार वाटला.

दिवा आता मी लावते. मागत काही नाही. यांचं नाव घेते आणि मुलांची नावं घेते. माझा विश्वास परत आला का, हे विचारलंत तर सांगता येणार नाही. पण अंधार पडला की हात काडेपेटीकडं जातो.

पुन्हा मी

काल रात्री सगळं यांना वाचून दाखवलं. मंगळवेढ्याच्या ताईंचं वाचताना मध्येच थांबावं लागलं, मग पुढचं यांनी वाचलं. गुरुजी, तुमच्या भाकरीपाशी सासूबाई पदर डोळ्याला लावून आत गेल्या.

सोमवारी अकराला रिपोर्ट घ्यायला जायचंय, डॉक्टरांची वेळ एकची आहे. मधले दोन तास काय करायचं असं मी म्हणत होते. हे म्हणाले, संक्रांतीला मला नेलं नाहीस, आता ने. पाकीट न फोडता तळ्यावर जाऊ. डबा बरोबर घेणार आहे, यांची साडेबाराची गोळी असते.