मदत हवी आहे : डिव्हिजन थ्री फुटबॉल आणि फीचं गणित

नमस्कार मंडळी. आम्ही मिनेसोटात असतो. मुलगा बारावीला आहे, अमेरिकन फुटबॉल खेळतो (तोच, लांबट चेंडूचा). त्याने इथल्याच कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्स विद्यापीठाचा ध्यास घेतलाय. कारण जॉन गॅग्लियार्डी. १९५३ ते २०१२ तिथे मुख्य प्रशिक्षक, त्याआधी मोंटानातलं कॅरोल कॉलेज. एकूण ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमधला विक्रम! एवढं करून सरावात टॅकल (धडकून खाली पाडणं) नाही, शिट्टी नाही, आणि पोरांनी 'कोच' म्हणायचं नाही, नुसतं जॉन. २०१८ मध्ये ते गेले, पण चिरंजीवांचं वेड काही जात नाही. खरं सांगते, डोकी न आपटता सराव हे आई म्हणून मलाही पटलं.

अडचण अशी की सेंट जॉन्स डिव्हिजन थ्रीमध्ये (कॉलेज खेळांचा तिसरा गट) आहे, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर मदत मिळते, एवढं समजलं. मग फीचा विषय प्रशिक्षकांकडे काढावा, की थेट प्रवेश कार्यालयात? मार्क बरे आहेत, फार चमकदार नाहीत. कुणाची मुलं अशा छोट्या कॉलेजात खेळली असतील तर कृपया सांगा. सराव आणि अभ्यास जमतो का हो?