सी भाषेत एक अक्षर वाचताना प्रोग्राम थांबेना

मोंढा_नांदेड:
सोयाबीनच्या पावतीचा प्रोग्राम करायलोय. आधी पोत्यांचा आकडा स्कॅनएफमध्ये (कीबोर्डवरून वाचणारं फंक्शन) "%डी"नं, म्हणजे पूर्ण संख्या म्हणून, घेतो, मग 'अजून पावती?' विचारून "%सी"नं वाय किंवा एन. पण दुसऱ्या प्रश्नाला थांबतच नाही, सरळ पुढं पळायलाय. उरलेलं इनपुट पुसायला लावलेलं एफफ्लश(एसटीडीइन) जुन्या कंपायलरवर चाललं, लिनक्सवर नाही. काय चुकायलंय?

गोदाकाठ:
३५ लिहून एंटर दाबलं की बफरमध्ये (टाइप केलेलं तात्पुरतं साठतं तिथं) तीन बाइट जातात: ३, ५ आणि नवीन ओळीचं अक्षर, म्हणजे आस्की या अक्षरांच्या क्रमांकयादीतला १०. "%डी" पहिले दोन उचलतो, १० तिथंच पडून राहतो. "%सी" मोकळ्या जागा ओलांडत नाही, त्यामुळं तो १०च तुमचं उत्तर ठरतो.
उपाय एका स्पेसचा: " %सी". स्पेस टक्क्याच्या आधीच हवी. नंतर टाकली तर पुढचं दिसणारं अक्षर येईस्तोवर प्रोग्राम अडकून बसतो.
एफफ्लश आउटपुटसाठी आहे. इनपुटवर काय व्हावं हे सी भाषेच्या अधिकृत नियमांत ठरलेलंच नाही, ते सोडाच.

बालाघाट_११:
स्पेसनं भागेल, पण कुणी एका अक्षराऐवजी अख्खा शब्द लिहिला तर उरलेली अक्षरं पुढच्या आकड्याच्या आड येतील. म्हणून एफगेट्सनं पूर्ण ओळ घ्या आणि पहिलं अक्षर तपासा. आकडाही तसाच, ओळीतून एसस्कॅनएफनं काढा. स्कॅनएफ आणि एफगेट्स यांची खिचडी केलीत तर तोच १० परत आडवा येतो.
एक अक्षर वाचणारं गेटचार वापरणार असाल तर उत्तर इंटमध्ये (पूर्णांकाचा प्रकार) ठेवा. 'चार' (char, अक्षराचा प्रकार) जिथं अनसाइन्ड, म्हणजे ऋण आकडे न धरणारा, असतो तिथं ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) कधीच जुळत नाही, लूप फिरतच राहतो.

मोंढा_नांदेड:
एफगेट्सनं जमलं, दादा. आता वायच्या जागी 'ह' घ्यायचाय, तर तुलना खोटीच येते.

गोदाकाठ:
यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) 'ह' तीन बाइटांचा: २२४, १६४, १८५. एका बाइटाच्या 'चार'मध्ये तो मावत नाही. एकेरी अवतरणातला 'ह' म्हणजे अनेक अक्षरांचा स्थिरांक होतो, जीसीसी कंपायलर तशी वॉर्निंगही देतो. दुहेरी अवतरणात लिहा आणि पहिले तीन बाइट जुळतात का बघा: एसटीआरएनसीएमपी(ओळ, "ह", ३) == ०. 'हो' लिहिलं तरी चालतं, कारण काना-मात्रेचे बाइट 'ह'नंतर येतात. अर्थात 'हरकत आहे'सुद्धा होकारच धरला जाईल!

बालाघाट_११:
एंटरशिवाय वाचायचं तर जुन्या कंपायलरच्या कोनिओ लायब्ररीतलं 'गेटच' (getch) फंक्शन लिनक्सवर मिळत नाही. टर्मिऑसमध्ये (टर्मिनलची सेटिंग) आयकॅनन (ओळ पूर्ण होईस्तोवर थांबणं) आणि एको (टाइप केलेलं दाखवणं) बंद, व्हीमिन (किमान किती बाइट) १, व्हीटाइम (किती वेळ वाट बघायची) ०. आधीची सेटिंग जपून ठेवा आणि बाहेर पडताना परत लावा, नाहीतर टर्मिनलवर टाइप केलेलं दिसणार नाही. तसं झालंच तर न दिसता 'रीसेट' लिहून एंटर दाबा.